तिसऱ्या टप्प्यात काय घडले?

मा. डॉ. व्ही. नारायणन,
अध्यक्ष, भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), आणि सचिव, अंतराळ विभाग,
बेंगळुरू



१८ मे २०२५ च्या पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी पीएसएलव्ही-सी६१ श्रीहरिकोट्याहून झेपावले. पहिला टप्पा नीट जळला, दुसराही. घन इंधनाच्या तिसऱ्या टप्प्यात मात्र मोटरमधला दाब पडला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह कक्षेत पोहोचलाच नाही. थोड्याच वेळात आपण स्वतः कॅमेऱ्यासमोर आलात आणि दाब कमी झाल्याचे, मोहीम पूर्ण न झाल्याचे सरळ सांगितले. त्या सकाळी टीव्हीसमोर बसलेल्यांना ते ऐकून वाईट वाटले, पण कोणी काही लपवते आहे असे वाटले नाही.

पुढे समिती नेमली गेली, तिने काम केले, आणि १२ जानेवारी २०२६ ला पीएसएलव्ही-सी६२ उडाले. तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस त्याचाही मार्ग ढळला. ईओएस-एन१ गेला, त्याच्यासोबतचे देशी-परदेशी छोटे उपग्रहही गेले. आठ महिन्यांच्या आत दोनदा, एकाच रॉकेटच्या एकाच टप्प्यात. पहिल्या वेळी नेमके काय बिघडले होते, ते दुरुस्त झाले होते का, दुसऱ्या वेळचा दोष तोच होता की वेगळाच, हे इस्रोबाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही. कारण सी६१ चा चौकशी अहवाल लोकांसमोर न येताच सी६२ उडाले. हे पत्र त्या अहवालासाठी आहे, आणि पुढे लिहिल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक अहवालासाठी.

पीएसएलव्ही हे रॉकेट महाराष्ट्रातल्या पुष्कळांसाठी नुसते बातमीतले नाव नाही. त्याचा तिसरा टप्पा घन इंधनावर चालतो, आणि भारताच्या घन इंधनाचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यात पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर अग्रभागी होते. पुढे ते तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक झाले. दुसऱ्या टप्प्याचे विकास इंजिन विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार होत आले आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला रॉकेटच्या मोटरची आवरणे बनतात. २०१६ च्या जूनमध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तर सप्टेंबरात मुंबईच्या आयआयटीचा ‘प्रथम’ सी३५ वरून. वजनाने जेमतेम किलोभर असलेल्या ‘स्वयम्’साठी मुलांच्या एकामागून एक तुकड्यांनी वर्षानुवर्षे काम केले होते. एका तुकडीने आराखडा काढायचा, दुसरीने सर्किट जुळवायचे, तिसरीने चाचण्या घ्यायच्या आणि उड्डाण बघायला चौथीने हजर राहायचे, असा तो उद्योग. १९९९ पासून २०१७ च्या मध्यापर्यंत पीएसएलव्ही एकदाही अपयशी ठरले नाही. चांद्रयान-१ आणि मंगळयान त्यानेच नेले. २०१७ च्या फेब्रुवारीत एकाच उड्डाणात १०४ उपग्रह त्यानेच सोडले. म्हणून तर महाविद्यालयातली मुले आपली कित्येक वर्षांची मेहनत निर्धास्तपणे त्याच्या डोक्यावर ठेवत आली.

तो विश्वास एका अपयशाने जात नाही. दोन अपयशांनीही जाणार नाही. मात्र तो टिकवायचा असेल, तर कारण कळायला हवे.

इस्रोला हे येत नाही असे अजिबात नाही. संस्थेची स्वतःची उदाहरणे समोर आहेत. १२ ऑगस्ट २०२१ ला जीएसएलव्ही-एफ१० चा क्रायोजेनिक टप्पा पेटलाच नाही. काही महिन्यांत इस्रोने कारण जाहीर केले. द्रव हायड्रोजनच्या टाकीवरची दाब सोडणारी झडप गळत होती. त्यामुळे टाकीतला दाब इंजिन सुरू होताना हवा तेवढा उरला नव्हता. गळती कशाने झाली असावी आणि पुढच्या उड्डाणाआधी काय बदलणार, हेही त्यात होते. क्रायोजेनिक तंत्र ही तर आपली स्वतःची विद्या, आणि द्रव प्रणोदन केंद्राचे संचालक तेव्हा आपणच होता. तो खुलासा प्रसिद्ध झाल्याने संस्थेचे काही बिघडले, असे दिसले नाही.

पुढच्याच वर्षी, ७ ऑगस्ट २०२२ ला, एसएसएलव्हीचे पहिले उड्डाण फसले. दुसरा टप्पा वेगळा होताना बसलेल्या हादऱ्याने वेगवाढ मोजणाऱ्या संवेदकांची मोजणी क्षणभर कमाल मर्यादेला टेकली; रॉकेटवरच्या संगणकाने सारे संवेदक निकामी समजून आपत्कालीन मार्ग धरला आणि ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी उपग्रह ३५६ बाय ७६ किलोमीटरच्या कक्षेत सुटले. इतक्या खाली आलेला उपग्रह टिकत नाही. त्यात देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या सुमारे ७५० मुलींनी मिळून केलेला ‘आझादीसॅट’ होता. इस्रोने हे सगळे क्रमवार सांगितले, टप्पा वेगळा करण्याची यंत्रणा बदलली आणि १० फेब्रुवारी २०२३ ला दुसरे उड्डाण यशस्वी केले. मुलींचा दुसरा उपग्रहही त्यातूनच गेला. आपला पहिला उपग्रह का पडला हे त्या मुलींना ठाऊक होते. शाळेतल्या पोरीला यापेक्षा मोलाचा विज्ञानाचा धडा कोणता मिळेल?

१० ऑगस्ट १९७९ ची गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या स्नेहसंमेलनात सांगून झाली आहे. एसएलव्ही-३ बंगालच्या उपसागरात पडले, प्रा. सतीश धवन पत्रकारांना सामोरे गेले, अपयश त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले. आणि १८ जुलै १९८० ला रॉकेट यशस्वी झाल्यावर बोलायला डॉ. कलामांना पुढे केले. कलाम ती मनापासून सांगत, आणि ऐकणाऱ्याच्या मनात वडीलकीचा अर्थ पक्का बसे. पण सांगता-सांगता रॉकेट पडले कशाने, एवढेच त्या गोष्टीतून गळून गेले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतली एक झडप नीट बंद झाली नव्हती आणि तिच्यातून नायट्रिक ॲसिड वाहून गेले होते. २०२१ मध्ये पुन्हा एक झडप. २९ जानेवारी २०२५ ला, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या उड्डाणातून गेलेल्या एनव्हीएस-०२ उपग्रहातही इंजिनात ऑक्सिडायझर सोडणारी झडप उघडली नाही आणि तो ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही. तिन्ही झडपांचा एकमेकींशी तांत्रिक संबंध असेलच असे नाही. पण पन्नास वर्षांचे सारे अहवाल एकापाठोपाठ वाचायला मिळाले, तर असे प्रश्न एखाद्या तंत्रनिकेतनातल्या मुलालाही सुचतील. आणि सुचलेल्या शंभरांतला एखादा प्रश्न कामाचा निघेल.

चांद्रयान-२ बद्दल आपल्याला लिहिताना जरा संकोच वाटतो, कारण त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष आपणच होता. त्या कामाचे मोल देशाने २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी पाहिले. ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे विक्रम चंद्रावर उतरले तेव्हा इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एकाच वेळी ८० लाखांहून जास्त लोक होते. चौकशीतून निघालेली एकेक गोष्ट त्या यानात उतरली होती. उतरण्याची जागा ५०० बाय ५०० मीटरवरून ४ बाय २.४ किलोमीटर केली होती. पाय जास्त जोराचा आघात सोसतील इतके भक्कम केले, मधले पाचवे इंजिन काढले, इंधन वाढवले, वेग थेट मोजणारे लेसर उपकरण बसवले. काय-काय बिघडू शकते हे आधी गृहीत धरून यान बांधायचे, ही पद्धत तेव्हाचे अध्यक्ष डॉ. एस. सोमनाथ यांनी त्या वेळी जागोजागी समजावून सांगितली.

पण २०१९ ते २०२३ या चार वर्षांत लोकांना काय मिळाले? ७ सप्टेंबर २०१९ च्या रात्री सांगितले गेले की २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सारे ठीक होते आणि मग संपर्क तुटला. नोव्हेंबरात लोकसभेतल्या एका लेखी उत्तरातून कळले की ७.४ किलोमीटर उंचीनंतरच्या टप्प्यात वेग ठरल्यापेक्षा वेगळ्या प्रमाणात कमी झाला आणि यान आदळले. अवशेषांची छायाचित्रे डिसेंबरात अमेरिकेच्या नासाने प्रसिद्ध केली. ते ओळखायला मदत केली होती चेन्नईच्या एका हौशी अभियंत्याने, घरी बसून, नासाची खुली छायाचित्रे चाळून. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साठत गेल्या, यानाला वळायला आज्ञावलीने घातलेली मर्यादा अपुरी पडली, हे सविस्तर ऐकायला चांद्रयान-३ उडण्याच्या सुमाराचा मुहूर्त लागला. मूळ अहवाल अजून संपूर्ण स्वरूपात बाहेर आलेला नाही. तो आता कोणाचे काय बिघडवणार आहे? उलट, आपल्या समितीने किती नेटके काम केले, याचा तो लेखी पुरावा आहे.

मागच्याच वर्षी आपण स्वतः दाखवलेल्या धैर्याचीही आठवण द्यायला हवी. जून २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला ॲक्सिऑम-४ मोहिमेवर निघायचे होते. फाल्कन-९ रॉकेटमध्ये द्रव ऑक्सिजनची गळती आढळली. गळती दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी, असा आग्रह आपल्या पथकाने धरला, उड्डाण पुढे गेले, आणि इस्रोने ते कारणासकट जाहीर केले. २५ जूनला शुक्ला निघाले, १५ जुलैला सुखरूप परतले. दुसऱ्याच्या रॉकेटबद्दल भारताने प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मिळवले. आपल्या रॉकेटबद्दल आपल्याच नागरिकाने तसाच प्रश्न विचारला, तर त्यालाही तेवढेच सरळ उत्तर मिळावे.

अडचणी ठाऊक आहेत. ईओएस-०९ टेहळणीला उपयोगी पडणारा उपग्रह होता, ईओएस-एन१ संरक्षण संशोधनाशी जोडलेला. त्यांच्यात कोणती उपकरणे होती, हे कोणी विचारत नाही. घन इंधनाची मोटर क्षेपणास्त्रातही चालते, म्हणून तिची काही मापे उघड करता येणार नाहीत, हेही मान्य. २००५ मध्ये अमेरिकेच्या डार्ट नावाच्या यानाने अंतराळात दुसऱ्या उपग्रहाजवळ जाताना त्यालाच धडक दिली. तंत्रज्ञान निर्यातीच्या नियमांमुळे नासाने पूर्ण अहवाल रोखला, पण काय चुकले आणि का चुकले याचा सारांश प्रसिद्ध केला. असा मधला मार्ग इस्रोलाही मोकळा आहे. चार ओळी काळ्या केलेला अहवालही चालेल. अहवालच नाही, हे चालत नाही.

आणखी एक धास्ती असते ती गिऱ्हाईक जाण्याची. परदेशी कंपन्या आणि विद्यापीठे आपले उपग्रह भारताकडे देतात. दोष जगजाहीर केले तर ते दुसरीकडे वळतील, असे वाटणे साहजिक आहे. पण ४ जून १९९६ ला युरोपचे एरियन-५ पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटले, तेव्हा चौकशी मंडळाचा अहवाल दीड महिन्यात जगापुढे आला. एरियन-४ साठी लिहिलेली आज्ञावली नव्या, जास्त वेगाच्या रॉकेटमध्ये तशीच घेतली होती. एक मोठी संख्या छोट्या जागेत मावली नाही आणि दिशा सांगणारी यंत्रणा बंद पडली. आज जगभरच्या संगणक अभियांत्रिकीच्या वर्गांत हे उदाहरण शिकवतात. एरियन-५ पुढे सत्तावीस वर्षे उडाले. भारताचे कितीतरी दूरसंचार उपग्रह तेच घेऊन गेले आणि जेम्स वेब दुर्बीणही त्याच्याच भरवशावर सोपवली गेली.

गगनयानाकडे वळल्यावर हा विषय वेगळ्याच वजनाचा होतो. आजवर हरवले ते यंत्र होते. आता त्या कुपीत माणसे बसणार आहेत. प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप, शुभांशु शुक्ला या अंतराळवीरांची नावे २०२४ च्या फेब्रुवारीपासून देशाला तोंडपाठ आहेत. कल्पना चावला १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यानात सहा सहकाऱ्यांसह गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला. उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरचा फेसाचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, हे त्यात होतेच. पण मंडळ तिथे थांबले नाही. फेसाइतकाच संस्थेच्या कामाच्या सवयींचा, वेळापत्रकाच्या दडपणाचा, खालच्या अभियंत्यांची शंका वर न पोहोचण्याचा दोष आहे, असे त्यांनी लिहिले. करनालमधल्या तिच्या शाळेतल्या मुलीला आज हा अहवाल पानन्‌पान वाचता येतो. मंडळ नासाबाहेरच्या माणसाच्या अध्यक्षतेखाली होते, म्हणून ते हे लिहू शकले.

बाहेरचा तपासणारा, ही भारतातही नवी गोष्ट नाही. रेल्वे अपघाताची चौकशी करणारा रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतो, ते याच विचाराने. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचे विमान कोसळले आणि २६० माणसे गेली; त्याचा प्राथमिक अहवाल बरोबर एका महिन्यात जाहीर झाला. त्यावर वाद झाले, नातेवाइकांनी प्रश्न विचारले, वैमानिकांच्या संघटनांनी आक्षेप घेतले. हे सगळे होऊ शकले, कारण हातात कागद होता. अंतराळासाठी असा कायदा देशात अजून नाही. २०२३ चे अंतराळ धोरण आहे, खासगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस आहे, पण अपघाताची चौकशी कोणी करावी आणि किती दिवसांत प्रसिद्ध करावी हे बांधून देणारा कायदा संसदेने केलेला नाही. तो करणे आपल्या हातात नाही, हे मान्य. पण अंतराळ विभागाचे सचिव म्हणून त्याचा मसुदा मागणारा पहिला आवाज आपला असू शकतो.

या मागणीला जमिनीवरचीही एक बाजू आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून जळते गोळे सरकताना हजारो लोकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचे मोठे कडे पडले. आसपास गोल टाक्याही सापडल्या. ते बहुधा चीनच्या लाँग मार्च रॉकेटचे अवशेष असावेत, हे गावकऱ्यांना इतरांच्या आडाख्यांवरून कळले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. डोक्यावरून जाणाऱ्या वस्तूची माहिती ज्याने ती वर पाठवली त्याच्याकडून मिळावी, ही लाडबोरीच्या माणसाची अपेक्षा रास्त आहे. भारताच्या रॉकेटखाली राहणाऱ्या दुसऱ्या कुठल्या देशातल्या गावकऱ्याचीही तीच असेल.

सी६१ पडल्यानंतर दोनच दिवसांनी, २० मे २०२५ ला, पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. शाळकरी मुले सही मागायला आली की ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न विचारा, उत्तराखाली सही मिळेल. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ती कार्डे जपून ठेवलेली आहेत. आज त्यांच्या ‘आयुका’ या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बनवलेली दुर्बीण आदित्य-एल१ वरून सूर्याकडे बघते आहे. ज्यांची शास्त्राची ओढ अशा एखाद्या कार्डापासून सुरू झाली, त्या पिढीला ‘काम सुरू आहे, योग्य वेळी कळवू’ एवढ्यावर थांबता येत नाही.

पुढची यादी मोठी आहे आणि ती वाचताना ऊर भरून येतो. चंद्रावरची माती घेऊन येणारे चांद्रयान-४, ज्याला सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटींची मंजुरी मिळाली. शुक्राभोवती फिरणारे यान. जपानसोबतचे चांद्रयान-५ आणि त्यातला २५० किलोचा रोव्हर. २०३५ पर्यंत स्वतःचे अंतराळ स्थानक, २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय माणूस. चांद्रयान-४ चे भाग दोन वेगवेगळ्या रॉकेटांनी वर जाऊन अंतराळात जोडले जाणार आहेत. १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांनी ती जोडणी करून दाखवली. त्याआधी ती दोनदा पुढे ढकलावी लागली होती आणि दोन्ही वेळा इस्रोने तसे लगेच कळवले होते. तेव्हा कोणी हसले नाही. लोक पुढच्या तारखेची वाट बघत राहिले.

म्हणून मागणे नेमके आहे. चांद्रयान-२, सी६१ आणि सी६२ यांचे अहवाल, जे झाकायलाच हवे तेवढे झाकून, संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावेत. एसएलव्ही-३, एएसएलव्ही, १९९३ चे पहिले पीएसएलव्ही, २०१७ मध्ये उष्णतारोधक आवरण न उघडलेले सी३९, अशा जुन्या मोहिमांच्या फायली निवृत्त अभियंते हयात आहेत तोवर त्यांच्याकडून तपासून घेऊन खुल्या कराव्यात. त्यांच्या आठवणींखेरीज त्या अर्ध्या राहतील. इथून पुढे प्रत्येक अपयशाचा प्राथमिक अहवाल ठरलेल्या मुदतीत यावा आणि त्याचा सारांश मराठीसह भारतीय भाषांत असावा. गगनयानात माणसे बसण्याआधी, त्या रॉकेटच्या आणि कुपीच्या सर्व चाचण्यांत काय-काय चुकले व ते कसे सुधारले, याचा एक सलग दस्तऐवज देशापुढे ठेवावा. आणि त्या मोहिमेसाठी इस्रोबाहेरच्या अध्यक्षाचे कायम चौकशी मंडळ आधीच नेमून ठेवावे. त्याची गरज न पडो, पण त्याची नावे उड्डाणाआधी जाहीर व्हावीत.

यातले पहिले काम करायला कायदा लागत नाही, निधी लागत नाही. आपली सही पुरेशी आहे.

कळावे.

आपला,
पीएसएलव्हीवर भरवसा असलेला एक मराठी नागरिक